निबंधाला वर्गातच वाचक

(अकादमीने मराठीच्या शिक्षकांसाठी घेतलेल्या कार्यशाळेतील भाषण. वार्षिकासाठी लिहून देताना थोडी काटछाट केली आहे.)



मला दिलेला विषय आहे : विद्यार्थ्यांच्या निबंधांवर विद्यार्थ्यांचाच अभिप्राय कसा घ्यावा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपत्रकात शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबर विद्यार्थ्याचे स्वतःचे आणि सहाध्यायांचे मूल्यमापन असावे असे म्हटले, तेव्हापासून ह्या विषयाला मागणी आली आहे. मी हे त्याच्या बरीच वर्षे आधीपासून करते आहे. पण सुरुवातीला मी ते फार वाईट रीतीने केले. म्हणून धोरणाबद्दल बोलण्याआधी माझी चूक सांगते. चोर्ला घाट उतरून इतक्या लांब आले आहे, तर निदान खरे बोलून जावे.

मी बेळगावच्या एका मराठी शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवते. ४८ मुलांचा वर्ग, दोन तुकड्या, म्हणजे ९६ वह्या. एका निबंधाला ५ मिनिटे धरली तरी ८ तास होतात. हे गणित तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. वह्या घरी न्यायच्या, रात्री जेवणानंतर घेऊन बसायचे, पंचविसाव्या वहीनंतर डोळे फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघतात, आणि पन्नासाव्या वहीला आपण काय वाचतो आहोत हेही कळत नाही. शेवटी ‘छान’, ‘अक्षर सुधारा’, ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्या’ ह्या तीन शेऱ्यांवर भागवायचे. मुलगा वही उघडतो, गुण बघतो आणि वही मिटतो. आठ तासांच्या कामाचे आयुष्य तेवढेच.

तेव्हा एके वर्षी मला वाटले, मुलांकडूनच तपासून घेऊ. नववीच्या वर्गात सांगितले, “शेजारच्याशी वही बदला. लाल पेन काढा. चुका शोधा आणि दहापैकी गुण द्या.” वर्ग इतका खूश झालेला मी आधी कधी पाहिला नव्हता. त्याचे कारण मला पुढे कळले. वर्षभर ज्याने लाल शाई फक्त सोसली, त्याच्या हाती आज पेन आले होते.

विषय होता ‘दिवाळीच्या सुट्टीतील एक दिवस’. शहराच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यातून येणारी एक मुलगी होती. तिने लिहिले होते की सुट्टीत ती आईबरोबर दुसऱ्याच्या शेतात भातकापणीला गेली. आईला मजुरी पूर्ण मिळाली, हिला अर्धी. विळ्याने बोट कापले तेव्हा आईने कुठलासा पाला चोळून लावला आणि म्हणाली, “आता घरी सांगू नको, उद्या यायला देणार नाहीत.” एक पान आणि वर चार ओळी, एवढाच निबंध. तिची वही गेली वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलाकडे. शहरातला, घरी प्रमाण मराठी बोलणारा, वागायला अगदी सरळ मुलगा. त्याने ३१ ठिकाणी लाल गोल केले. ती लिहायची ‘मी भात कापलो’, त्याने केले ‘मी भात कापला’. शेवटी दहापैकी ३ गुण, आणि खाली दोन शब्द : ‘खेडवळ भाषा’.

तिने ते पान फाडले. मी रागावले, ते वही फाडल्याबद्दल. पुढच्या महिन्यात ‘श्रमाचे महत्त्व’ हा विषय दिला. ह्या मुलीने गाईडमधला निबंध जसाच्या तसा उतरवला. त्यात घाम होता, मोती होते, संस्कृत सुभाषितही होते. तिचा स्वतःचा एक शब्द नव्हता आणि एकही चूक नव्हती. मी त्याला दहापैकी ८ दिले आणि शेरा लिहिला, ‘चांगली सुधारणा’.

मित्रहो, माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक म्हणून मी हा शेरा सांगते. ज्या मुलीला श्रम म्हणजे काय हे वर्गात सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होते, तिने श्रमावर दुसऱ्याचा निबंध दिला, आणि मी तिला शाबासकी दिली. दहावी होईपर्यंत तिने पुन्हा स्वतःचे काही लिहिले नाही. त्या मुलावर मला राग धरता येईना. त्याने केलेल्या खुणा मी ओळखल्या. गोल कसा करायचा, समासात बाण कसा काढायचा, शेरा किती तुटक लिहायचा, हे सगळे तो माझ्याकडूनच शिकला होता. मी त्याच्या हातात माझेच पेन दिले होते.

मुलांनी मुलांना शिकवणे ही नवी गोष्ट नाही. आपल्या पंतोजींच्या शाळेत मोठा मुलगा लहानग्याला धूळपाटीवर अक्षरे गिरवायला लावत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नावाचा पाद्री मद्रासच्या एका अनाथालयाचा अधीक्षक होता. देशी शाळेतली मुले वाळूत अक्षरे गिरवताना त्याने पाहिली, आणि मोठ्या मुलांनी लहानांना शिकवण्याची पद्धत आपल्या शाळेत सुरू केली. १७९७ मध्ये त्याने लंडनला त्यावर पुस्तिका छापली, आणि इंग्लंडात ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून पसरली. आपल्या वर्गातला ‘मॉनिटर’ त्याच घराण्यातला. पाढे आणि बाराखडी ह्यांसाठी मॉनिटर उत्तम, कारण तिथे उत्तर एकच असते आणि ते त्याला आधी येत असते.

निबंधाचे तसे नाही. निबंधासाठी नमुना हवा असेल तर तो दुसरीकडे आहे. १९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ सुरू झाले. माधव ज्युलियन, यशवंत, गिरीश ही मंडळी एकत्र जमत, चहा होई आणि एकमेकांच्या कविता वाचल्या जात. तिथे कोणी कोणाचा मॉनिटर नव्हता. प्रत्येकजण लिहिणारा होता आणि प्रत्येकजण ऐकणारा होता. इथे बसलेल्या लेखकांना हे वेगळे सांगायला नको. तुमचे पहिले लेखन तुम्ही ज्या मित्राला वाचून दाखवले, त्याने तुम्हाला गुण दिले नव्हते. “इथे मी हरवलो,” एवढेच तो म्हणाला असेल, आणि तुम्ही घरी जाऊन तो परिच्छेद पुन्हा लिहिला असेल.

मी वर्गात मॉनिटर तयार केले होते. हवे होते ते मंडळ. आज मला सांगायचे आहे ते एवढेच : मुलांना परीक्षक करू नका, वाचक करा. बाकीचे सगळे ही व्यवस्था कशी लावायची ह्याचा तपशील आहे. पण तपशिलातच हे काम टिकते किंवा मोडते, म्हणून तो सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट, गुण काढून टाकले. रूथ बटलर ह्या संशोधिकेने १९८८ मध्ये इस्राएलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलांना कामावर फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी शेरा, आणि काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा झाली आणि कामातला रसही टिकला तो फक्त शेरा मिळालेल्या मुलांचा. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झालाच नाही. आपण शिक्षक ह्यावर आश्चर्य करणार नाही. आकडा दिसला की मूल पुढचे वाचत नाही, हे आपण रोज बघतो. म्हणून माझ्या वर्गात मुले मुलांना गुण देत नाहीत. मी देते, तेही दुसऱ्या खर्ड्याला.

दुसरी गोष्ट, लाल पेन काढून घेतले. अभिप्राय शिसपेन्सिलीने, आणि वहीवर नाही, वेगळ्या चिठ्ठीवर. दुसऱ्याच्या वहीत काही लिहायचे नाही. ज्याचे लेखन त्याची वही. पेन्सिलीने लिहिलेले खोडता येते, त्यामुळे अभिप्राय देणाराही दोनदा विचार करतो.

तिसरी गोष्ट, तिघांचे गट. ४८ मुलांचे १६ गट होतात. दोघांची जोडी केली तर एक तर दोघे एकमेकांचे कौतुक करत बसतात, नाहीतर भांडतात. तिघे असले की प्रत्येक निबंधाला दोन वाचक मिळतात. आणि गंमत म्हणजे त्या दोघांचे पटत नाही. एक म्हणतो, “शेवट आवडला.” दुसरा म्हणतो, “शेवट कळला नाही.” आता लिहिणाऱ्याला ठरवावे लागते. वाचक वेगवेगळे असतात आणि निर्णय आपला असतो, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात शिकवता येत नाही; ते तिघांच्या गटात दहा मिनिटांत कळते. गट मी करते. मैत्रीप्रमाणे नाही, नंबराप्रमाणेही नाही. शहरातले एक, खेड्यातले एक, बोलके एक, अबोल एक, असे बघून करते आणि सहामाही संपेपर्यंत मोडत नाही. विश्वास बसायला दोन निबंध जावे लागतात.

चौथी गोष्ट, चिठ्ठीवर तीनच ओळी. पहिली : ‘माझ्या लक्षात राहिलेले वाक्य’. हे वाक्य निबंधातून जसेच्या तसे उतरवायचे. दुसरी : ‘इथे मी अडखळलो’. तिसरी : ‘मला आणखी हे जाणून घ्यायचे आहे’. चिठ्ठीत चार शब्दांना बंदी : छान, चांगले, वाईट, चूक. ह्या बंदीवर पहिल्या दिवशी वर्गात हशा झाला. एका मुलाने विचारले, “बाई, मग लिहायचं काय?” तोच खरा प्रश्न होता. हे चार शब्द काढले की मुलाला निबंध वाचावाच लागतो.

हे सगळे माझ्या डोक्यातून आलेले नाही. पीटर एल्बो ह्या अमेरिकन अध्यापकाचे १९७३ मध्ये एक पुस्तक निघाले, शिक्षकाशिवाय लेखन कसे शिकावे ह्यावर. वाचकाने निवाडा देऊ नये, वाचताना आपल्या मनात काय काय घडले ते लिहिणाऱ्याला सांगावे, असे त्याचे म्हणणे आहे. निवाडा द्यायला ज्ञान लागते. चौदा वर्षांच्या मुलाजवळ ते पुरेसे नसते. पण मनात काय घडले हे सांगायला फक्त प्रामाणिकपणा लागतो, आणि तो मुलांजवळ आपल्यापेक्षा जास्त असतो.

आता प्रत्यक्ष तास कसा चालतो ते सांगते. ४० मिनिटांचा तास. आधी एकजण आपला निबंध मोठ्याने वाचतो, दोघे ऐकतात. ह्याला ३-४ मिनिटे. मोठ्याने वाचताना निम्म्या चुका लिहिणाऱ्यालाच ऐकू येतात. जीभ अडखळते तिथे वाक्य बिघडलेले असते. मग दोघे ती वही मुक्याने वाचतात आणि चिठ्ठी भरतात, ६ मिनिटे. मग चिठ्ठ्या वाचून दाखवतात. तेवढा वेळ लिहिणाऱ्याने बोलायचे नाही. “मला तसं म्हणायचं नव्हतं” हे वाक्य त्याने गिळायचे, कारण परीक्षेत किंवा छापील कागदावर तो वाचकाशेजारी बसून समजावून सांगणार नसतो. एका तासात तिघांपैकी दोघांचे निबंध होतात. तिसरा दुसऱ्या दिवशी, आणि उरलेल्या वेळात सगळेजण दुसरा खर्डा सुरू करतात. दुसऱ्या खर्ड्याखाली दोन वाक्ये लिहायची : कोणती सूचना घेतली, कोणती घेतली नाही आणि का. मी गुण देताना ती दोन वाक्ये आधी वाचते.

आणि पाचवी गोष्ट, जी खरे तर सगळ्यात आधी केली पाहिजे. पहिला निबंध शिक्षकाचा असावा. मी ‘माझी शाळा’ ह्यावर एक पान लिहिले आणि फळ्याजवळ उभी राहून वाचले. संपूर्ण वर्गाला चिठ्ठ्या भरायला सांगितल्या. मुले घाबरली. बाईंना काय सांगायचे? बराच वेळ कोणी बोलेना. मग मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, “बाई, ह्या शाळेत तुम्ही कुठं आहात?” खरेच होते. मी इमारत लिहिली होती, ग्रंथालय लिहिले होते, शिस्त लिहिली होती. वीस वर्षे ज्या शाळेत मी उभी आहे, तिच्यावरच्या निबंधात मीच नव्हते. मी दुसऱ्या दिवशी तो निबंध पुन्हा लिहून आणला. त्या दिवसापासून वर्गाने हा उद्योग मनावर घेतला.

ह्यातून काय मिळते, ह्याचे एक उदाहरण देते. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा आपला घासून गुळगुळीत झालेला विषय. गाईडमध्ये तो ढगांच्या गडगडाटाने सुरू होतो आणि बळीराजाच्या आनंदाने संपतो. खानापूर तालुक्यातल्या एका मुलाने पहिला खर्डा थोडाफार तसाच लिहिला. मध्येच एक वाक्य होते : ‘आमच्या घरात पाणी गळते म्हणून आम्ही भांडी ठेवतो.’ खानापूरचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वाक्य लगेच कळेल. चिठ्ठीवर शहरातल्या मुलीने तिसऱ्या ओळीत लिहिले : ‘किती भांडी? आणि मग तुम्ही झोपता कुठे?’

दुसऱ्या खर्ड्यात बळीराजा गेला होता. पाच भांडी आली होती : पातेले, तांब्या, दोन डबे आणि एक बादली. प्रत्येक भांड्यात थेंब पडल्याचा आवाज वेगळा. आजीला अंथरुणात पडल्यापडल्या आवाजावरून कळते की कुठले भांडे भरत आले, आणि ती नातवाला हाक मारते, “तांब्या ओत.” झोपायचे कुठे, तर चुलीजवळ, कारण तिथली कौले वडिलांनी त्या वर्षी बदलली होती. मित्रहो, मी त्या मुलाला ‘तपशील द्या’ असे तीन वर्षे सांगत होते. तपशील म्हणजे काय हे त्याला कळत नव्हते, कारण घर गळणे त्याला सांगण्यासारखे वाटतच नव्हते. ज्या मुलीचे घर गळत नाही तिने विचारले, तेव्हा त्याला कळले की आपल्याजवळ सांगण्यासारखे काही आहे. तो प्रश्न मी विचारला असता तर त्याने तो सूचना म्हणून घेतला असता. तिने विचारला तो कुतूहल म्हणून.

त्या मुलीलाही ह्यातून मिळाले, आणि थोडे नाही. २००९ मध्ये क्रिस्टी लुंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर ह्यांनी इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. काहींना फक्त अभिप्राय द्यायला शिकवले, काहींना फक्त मिळालेला अभिप्राय वापरायला. लेखन जास्त सुधारले ते देणाऱ्यांचे. हुशार मुलांचे पालक विचारतात, “आमच्या मुलीचा वेळ दुसऱ्यांची वही वाचण्यात का घालवता?” त्यांना मी हेच सांगते. दुसऱ्याच्या निबंधात ‘किती भांडी?’ असे विचारणारी मुलगी पुढच्या वेळी आपल्या निबंधात भांडी मोजते.

आता अडचणीच्या गोष्टीकडे येते. भाषेच्या शुद्धतेचे काय?

आमच्या भागात ‘मी पत्र लिहिलो’, ‘मी भात कापलो’ असे बोलतात. मुलीही स्वतःबद्दल ‘मी गेलो’ म्हणतात. कन्नडमध्ये भूतकाळातही क्रियापद कर्त्यामागेच चालते. शेजारी राहून आमच्या मराठीनेही ती सवय उचलली असावी. तुमच्याकडे कोकणीत ‘हांवें पत्र बरयलें’ असेच होते, क्रियापद कर्माबरोबर जाते, त्यामुळे तुमच्या मुलांना ही अडचण नाही. तुमच्या मुलांच्या मराठीत कोकणीची दुसरी वळणे येत असतील. मुद्दा असा की वर्गातली बहुतेक मुले एकसारखीच बोलतात, त्यामुळे एकमेकांच्या वहीतले असले प्रयोग त्यांना खटकत नाहीत. ‘इथे मी अडखळलो’ ह्या ओळीत ‘मी लिहिलो’ कधीच येत नाही. कोणी म्हणेल, मग ही पद्धत निकामी आहे. मला वाटते, ह्या पद्धतीकडून ते काम मागणेच चूक. व्याकरण शिकवणे हे माझे काम आहे. त्याचा पगार मला मिळतो, मुलांना नाही.

म्हणून ते मी वेगळ्या तासाला करते. वह्यांतून दहा-बारा वाक्ये नाव न सांगता निवडते आणि फळ्यावर दोन रकाने करते. एका रकान्यावर लिहिते ‘घरची मराठी’, दुसऱ्यावर ‘पेपरची मराठी’. ‘मी पत्र लिहिलो’ हे पहिल्या रकान्यात, ‘मी पत्र लिहिले’ हे दुसऱ्यात. कन्नडचे वाक्यही शेजारी लिहिते, कारण माझी मुले कन्नड शिकतातच. तिन्ही शेजारी ठेवली की कर्तरी आणि कर्मणी प्रयोग जितका लवकर कळतो तितका तो व्याकरणाच्या पुस्तकातून मला कधी समजावता आला नाही. पहिल्या रकान्यावर मी फुली मारत नाही. संवाद लिहायचा असेल, आजीचे बोलणे लिहायचे असेल, तर पहिला रकाना वापरा असे उलट सांगते. “तांब्या ओत” हे तिथूनच आले.

त्या मुलाने भात कापणाऱ्या मुलीच्या वहीत जे ३१ गोल केले, त्यांपैकी बरेचसे नियमाप्रमाणे बरोबर होते. पण ती वाक्ये कशाबद्दल आहेत हे त्या वर्गात कोणीच वाचले नव्हते. त्यानेही नाही, मीही नाही. आधी वाचणे, मग दुरुस्ती. हा क्रम उलटला की मूल दुरुस्त होत नाही, गप्प होते.

ह्या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. वेळ लागतो. एका निबंधाला चार तास जातात : एक लिहायला, दोन वाचायला, एक पुन्हा लिहायला. म्हणून मी वर्षाला दहा निबंधांऐवजी पाच घेते, प्रत्येक दोनदा. वरिष्ठांना ते पटवावे लागते. एका पालकांनी तर शाळेत येऊन तक्रार केली की बाई वह्या तपासत नाहीत, पोरांकडून तपासून घेतात. मी त्यांना वर्गात मागे बसवले आणि एक तास बघायला सांगितले. ते काही न बोलता गेले; पटले की नाही माहीत नाही. काही गट जमतच नाहीत. काही मुले चिठ्ठीवर वर्षभर एकच प्रश्न लिहितात, ‘पुढे काय झाले?’ काही गोष्टी मुलांना गटासमोर आणायच्या नसतात, घरातले दारूचे, पैशाचे. त्यासाठी एक नियम आहे : पानाच्या कोपऱ्यात फुली केली तर तो निबंध फक्त बाई वाचतील. वर्षात अशा चार-पाच वह्या येतात, आणि त्या वह्यांना मी आठ तासांच्या घाईत हात लावत नाही.

दहावीच्या, म्हणजे आमच्याकडच्या एसएसएलसीच्या, निकालात ह्याने मोठा चमत्कार झाला असेही मी म्हणणार नाही. गाईडचा निबंध पाठ करून जाणाऱ्यालाही गुण मिळतात, हे तुम्हीही जाणता. फरक दिसतो तो दुसरीकडे. मुले ‘आज निबंध आहे का?’ असे विचारतात, आणि त्या प्रश्नात भीती नसते.

धोरणात सहाध्यायी मूल्यमापन आले ह्याचा मला आनंद आहे, पण धास्तीही आहे. उद्या आपल्याला छापील तक्ता येईल. त्यात मुलाने मुलाच्या नावापुढे बरोबरची खूण करायची, तारे द्यायचे, आणि शिक्षकाने ते तारे मोजून वर पाठवायचे. तसे झाले तर मी त्या वर्षी केली तीच चूक आपण सगळे मिळून करू, फक्त लाल पेनाऐवजी तारे असतील.

शेवटचे एकच सांगते आणि थांबते. तुमच्या गोव्यात काय, आमच्या सीमाभागात काय, किंवा हे वार्षिक जिथे जिथे वाचले जाते त्या इंदूर-बडोद्याकडे काय, आपल्या वर्गातली बरीच मुले दहावीनंतर मराठीत साधा अर्जही लिहिणार नाहीत. कचेरीची भाषा वेगळी, कॉलेजची वेगळी, नोकरीची वेगळी. आपल्या वर्गात लिहिलेला निबंध हे त्यांचे मराठीतले शेवटचे मोठे लेखन असू शकते. ते फक्त गुणांसाठी लिहिले आणि फक्त परीक्षकाने वाचले, तर परीक्षा संपताच मराठी लिहिण्याचे कारणही संपते. पण मराठीत लिहिलेले एकदा तरी बरोबरीच्या कोणी मन लावून वाचले, ‘आणि मग तुम्ही झोपता कुठे?’ असे विचारले, तर ह्या भाषेत आपले कोणीतरी ऐकते ही आठवण त्या मुलाबरोबर राहते. भाषा टिकवण्याचे मोठे ठराव आपण करतोच. हे काम ठरावाशिवाय, सोमवारच्या तिसऱ्या तासाला होते.

ती मुलगी आता कुठे आहे मला ठाऊक नाही. तिचे फाडलेले पान मी तेव्हा कचऱ्याच्या टोपलीतून उचलले नाही. त्यातले जे आज तुम्हाला सांगितले, ते मला पाठ आहे एवढेच. तिला कोणी विचारले असते, ‘बोट बरे व्हायला किती दिवस लागले?’ तर तिने दुसरा खर्डा लिहिला असता असे मला वाटते. तुमच्या वर्गातही अशी एक वही असेल. सगळ्या वर्षाचे राहू द्या, पुढचा एकच निबंध ह्या रीतीने घेऊन बघा. गट तीनचे, चिठ्ठी पेन्सिलीने, पहिला निबंध तुमचा स्वतःचा.